मोजून साठ दिवस

पिस्टन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? विहिरीवरचे डिझेल इंजिन. रिंगा झिजल्या की ते धूर ओकू लागते, तेल पिऊ लागते, हँडल मारून मारून खांदा निखळायची पाळी येते, आणि मग मिस्त्री येऊन पिस्टन बाहेर काढून ठेवतो. माझ्या वडिलांच्या विहिरीवर असेच एक इंजिन होते. त्यामुळे अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल संघाचे नाव 'डेट्रॉइट पिस्टन्स' आहे असे मुलीने फोनवर सांगितले, तेव्हा ती माझी थट्टा करते आहे असेच मला वाटले.

पण नाव खरे आहे. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी फ्रेड झोलनर नावाचे कारखानदार होते. मोटारी, ट्रक आणि रेल्वेची इंजिने यांचे पिस्टन त्यांच्या कारखान्यात होत. त्यांनी संघ उभा केला, त्याला आपल्या मालाचेच नाव दिले आणि १९५७ साली तो मोटारींच्या शहरात, म्हणजे डेट्रॉइटला नेला.

वाचक म्हणतील, कृषी विस्तार अधिकाऱ्याला या उठाठेवी कशाला? तर राहुरीला बी. एस्सी. अ‍ॅग्री करीत असताना उंचीमुळे मला बास्केटबॉलच्या मैदानावर ओढून नेले गेले, आणि तो नाद पुढे सुटला नाही. नोकरीत बदल्या होत गेल्या तशी खेळाची जागा पाहण्याने घेतली. खतांच्या मात्रा आणि कीडनियंत्रण यांवर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. आज ते बाजूला ठेवतो. निदान ठेवण्याचा प्रयत्न करतो.

मुलगी डेट्रॉइटजवळ राहते. जावई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. २०२३ च्या नोव्हेंबरात मुलगी बाळंत झाली. सौ. आधीच तिकडे गेली होती. मी ऐन रब्बीत अर्जित रजा मागितली, साहेबांचे चार शब्द ऐकले आणि डिसेंबरच्या मध्याला जाऊन पोहोचलो. नातीला मांडीवर घेऊन बसण्यापलीकडे मला तिथे काही काम नव्हते. संध्याकाळी जावई टीव्ही लावीत आणि पिस्टन्सचा सामना सुरू होई. आणि पिस्टन्स हरत.

रोज हरत. मी गेलो तेव्हा वीसहून अधिक सामने ओळीने हरून झाले होते. मी विचारले, "अहो, असे हरणाऱ्यांना खालच्या गटात ढकलत नाहीत का?" जावई हसले. म्हणाले, "बाबा, इथं उलटं आहे. जो जास्त हरतो त्याला बक्षीस."

तो प्रकार त्यांनी मला समजावून सांगितला तो असा. दरवर्षी कॉलेजातून आणि परदेशातून नवे तरुण खेळाडू येतात. त्यांतला कोण कोणी घ्यायचा याची पाळी ठरलेली असते, आणि पहिल्या पाळीचा मान साधारणपणे दुबळ्या संघांकडे जातो. हेतू चांगला, की सगळे बळ एकाच ठिकाणी साठू नये. पण माणूस तो माणूस. मुद्दाम हरून पहिली पाळी मिळवण्याची युक्ति निघाली. ती मोडावी म्हणून सोडत आली. चौदा चेंडू यंत्रात फिरवतात, चार बाहेर काढतात, आणि त्या आकड्यांवर पाळी ठरते. २०२३ आणि २०२४ साली नियम असा होता की सगळ्यांत तळाच्या तीन संघांना पहिल्या पाळीची संधी शंभरात चौदाच. म्हणजे वर्षभर हरूनही हाती काय लागेल याची शाश्वती नाही.

मला हे ऐकून पीकविम्यासाठी उभे पीक वाळू देणाऱ्याची आठवण झाली. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून तीन वर्षे हाच मार्ग धरला होता. २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी १० सामने जिंकले. त्या काळात त्यांना जोएल एम्बीडसारखा मोठा खेळाडू मिळाला हे खरे. पण पूर्व विभागाची अंतिम फेरी त्या संघाने २००१ साली पाहिली होती, ती पुढे २०२५ पर्यंत काही पुन्हा पाहिली नाही.

पिस्टन्सची कथा निराळी. हे एके काळचे नामांकित घराणे. १९८९ आणि १९९० साली लागोपाठ अजिंक्यपद. तेव्हाच्या त्यांच्या दांडगट खेळामुळे त्यांना 'बॅड बॉईज' म्हणत. पुढे २००४ साली तिसरे अजिंक्यपद. त्या वेळी समोर लॉस एंजलिसचा लेकर्स संघ होता, त्यात शकील ओनील आणि कोबी ब्रायंट. पिस्टन्सकडे त्यांच्या तोडीचे नाव एकही नव्हते. मधला खांब होता बेन वॉलेस, ज्याला तरुणपणी निवडीच्या दिवशी एकाही संघाने घेतले नव्हते. त्या संघाने लेकर्सना चार-एक असे हरवले. जावई तेव्हा शाळेत होते, पण ते ही मालिका अशी सांगतात की जणू बाकावर तेच बसले होते.

मग उतरती कळा कशी लागली? मला विचाराल तर खोडव्यामुळे. उसाचा पहिला खोडवा चांगला येतो. दुसराही धकून जातो. लागवडीचा खर्च वाचला म्हणून आपण खूष असतो. पुढे तेच बेट धरून बसलो की उतारा घसरतो, आणि दर वर्षी जास्तीचे खत ओतून आपण स्वतःची समजूत घालतो. २००३ ते २००८ सलग सहा वर्षे या संघाने विभागाची अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर नवी लागण करायचे धाडस झाले नाही. दरवेळी मोठी रक्कम मोजून एखादे तयार नाव आणायचे आणि यंदा जमेल म्हणायचे. २०१३ साली जॉश स्मिथ नावाच्या खेळाडूशी चार वर्षांचा करार केला, दीड वर्षात त्याला घरी पाठवले आणि त्याचे पैसे २०२० पर्यंत फेडत बसले. बाद फेरीत २००९, २०१६ आणि २०१९ असे तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा चार-शून्य हरून परत आले.

२०२० नंतर कुठे त्यांनी बेट उपटले. २०२१ च्या सोडतीत पहिली पाळी मिळाली आणि केड कनिंगहॅम हा उंच, शांत चेहऱ्याचा मुलगा आला. दुसऱ्याच हंगामात त्याच्या नडगीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, तो बाराच सामने खेळला, संघाने १७ जिंकले आणि ६५ हरले. त्या साली सगळ्यांत तळाला असूनही सोडतीत पाचवी पाळी आली. म्हणजे पीकही गेले आणि विमाही गेला.

आता २६ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ. जावयांनी तिकिटे काढली होती. त्या दिवशी ब्रुकलिनचा संघ आला होता, आणि हरले असते तर सलग सत्ताविसावा पराभव. एका हंगामात इतके ओळीने कोणीच हरले नव्हते. मला वाटले होते, जागा रिकाम्या असतील. पण नव्हत्या. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, जुन्या खेळाडूंची नावे पाठीवर मिरवणारे बाप्ये, सगळे आले होते. आपल्याकडे दुष्काळातही बैलपोळ्याला बैल सजवतात, त्यातलाच हा प्रकार.

केडने ४१ गुण केले. एकटा पोरगा चेंडू घेऊन जायचा, दोघातिघांच्या अंगावरून वाट काढायचा, आणि परत धावत येऊन बघायचा तो पलीकडे गुण झालेले. शेवटी लोक ओरडू लागले, "संघ विका! संघ विका!" हे मालकाला उद्देशून. माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मात्र ओरडत नव्हते. हाताची घडी घालून ते केडकडे पाहत होते. ११८ विरुद्ध ११२ असा सामना गेला.

गाडीत बसलो. जावयांनी किल्ली लावली आणि तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "बाबा, माझी नोकरी गेली आहे. आज बावीस दिवस झाले."

मला काही सुचेना. मी आल्यापासून हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन, दाढी करून बाहेर पडत होता. कुठे? तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. तिथे बसून अर्ज लिहीत होता. मुलीला माहीत होते. आईला कळले तर तिचे दूध-पाण्यातले लक्ष उडेल म्हणून दोघांनी ठरवून लपवले होते. त्यांच्या परवान्याचा नियम असा की नोकरी सुटल्यावर साठ दिवसांच्या आत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. घराचे भाडे, गाडीचे हप्ते आणि महिन्याची तान्ही मुलगी. "अडतीस दिवस उरलेत," ते म्हणाले. कारखान्याने पत्रात शब्द वापरला होता तो 'पुनर्रचना'. संघाच्या बाबतीतही तिकडचे वर्तमानपत्रवाले जवळपास हाच शब्द वापरतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे जावयांच्या आधी दुसराच माणूस आला.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराकडे गेलो होतो. सहाशे झाडे, आणि सगळ्या बागेवर तेल्या. फळे तडकलेली, पानांवर डाग. मी शास्त्राप्रमाणे सांगितले, बाग काढा, जमिनीला फेरपालट द्या, मग रोगमुक्त रोपे आणून नवी लागवड करा, तीन वर्षांनी चांगला बहार घ्याल. शिफारसपत्र लिहून दिले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "साहेब, झाडं काढतो म्हंजे मी. पर तीन वर्सं खायाचं काय, तेवढं बी ह्याच्यात लिवून द्या की."

मी आंतरपिकांविषयी काहीतरी बोललो, चहा घेतला आणि जीपमध्ये बसलो. त्यांनी झाडे काढली नाहीत. मी कार्यालयात म्हणालो की हे लोक ऐकत नाहीत.

डेट्रॉइटमधल्या त्या रात्री मला त्या प्रश्नाचा राग येईनासा झाला. संघाच्या मालकाला पाच वर्षे हरणे परवडते, कारण टीव्हीच्या पैशातला वाटा हरणाऱ्यालाही मिळतोच. त्या हंगामाच्या आधी त्यांनी नवा प्रशिक्षक नेमला होता, सहा वर्षांच्या करारावर. पुढे जून २०२४ मध्ये त्याला काढले, पण उरलेल्या पाच वर्षांचे पैसे त्याचे त्याला होतेच. मला पहिल्या तारखेला पगार आहे. धीर धरा, असे सांगणारे आम्ही सगळे पोटभर जेवून सांगत होतो. केडसारखा पोरगा रोज चारचौघांत हरत होता, ते वृद्ध गृहस्थ पैसे मोजून ते बघत होते, आणि जावयांना अडतीस दिवस होते.

सौ.ला मी दुसऱ्या दिवशी सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, "मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलंय. डब्यातली भाजी तशीच परत येत होती." त्यानंतर वाचनालयात जाणे बंद झाले आणि जावई घरी जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज लिहू लागले. नातीला खांद्यावर घेऊन मी त्यांच्यामागे फेऱ्या मारी.

२८ डिसेंबरला बॉस्टनमध्ये सामना होता. बॉस्टन हा तेव्हाचा अव्वल संघ. मध्यंतराला आमचे पिस्टन्स १९ गुणांनी पुढे. आमचे म्हणतो आहे, कारण त्या रात्री ते आमचे झाले. जावई अर्ज टाकून टीव्हीपुढे आले. बॉस्टनने बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना नेला. सलग अठ्ठाविसावा पराभव. पहिला ३० ऑक्टोबरला झाला होता. मी कॅलेंडर उलटून हिशेब केला, दोन्ही दिवस धरून मोजून साठ दिवस भरले. जावयांना मी तो आकडा सांगितला नाही.

३० डिसेंबरला टोरंटोचा संघ डेट्रॉइटला आला. या वेळी १२९ विरुद्ध १२७. जिंकले! केडचे ३० गुण. लोक असे नाचले की अजिंक्यपद मिळाले असावे. जावयांनी मोठ्याने आरोळी दिली, बाळ दचकून रडू लागले, मुलगी आतून ओरडली. एका विजयाने काय झाले म्हणाल तर काहीच नाही. हंगाम संपला तेव्हा १४ विजय आणि ६८ पराभव होते, संघाच्या इतिहासातला सगळ्यांत वाईट हंगाम. आणि सोडतीत पुन्हा पाचवी पाळी!

मी जानेवारीत परत आलो. महिनाअखेरीस जावयांना नोकरी लागली, मुदतीत थोडे दिवस शिल्लक असताना. पगार कमी आणि जाऊन-येऊन दीड तासाचा रस्ता. त्यांनी ती घेतली.

पुढच्या हंगामात काय बदलले ते सांगतो, कारण ते मला मोठे वाटते. सोडतीने हात दिला नव्हता. नवे व्यवस्थापक ट्रॅजन लँगडन आले, आणि जे. बी. बिकरस्टाफ हे प्रशिक्षक. या बिकरस्टाफना क्लीव्हलंडच्या संघाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात काढले होते. म्हणजे तेही नोकरी गेलेलेच. या लोकांनी पोरांना तसेच ठेवले आणि त्यांच्या मध्ये टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनिअर असे मुरलेले गडी आणून बसवले. फार मोठी नावे नाहीत, पण दहाबारा वर्षे या लीगमध्ये काढलेली माणसे. आधीच्या वर्षी माझ्या डोळ्यांनी मी पाहिले होते, शेवटच्या पाच मिनिटांत पोरे एकमेकांकडे बघत राहायची. नव्या खोंडाला जुन्या बैलाशेजारी जुंपल्याशिवाय तास सरळ येत नाही, हे तिकडच्या तज्ज्ञांना कळायला चार वर्षे लागली याचे मला नवल वाटते. आणि केड? १४ विजयांच्या त्या हंगामानंतर त्याने याच संघाशी पाच वर्षांचा नवा करार केला. पैसा भरपूर होता हे कबूल. पण हातपाय पसरण्याआधीच माणसाने गाशा गुंडाळावा असेच ते वर्ष होते.

२०२४-२५ मध्ये ४४ विजय. १४ चे ४४! तिकडे रात्रीचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच असतात. मी मोबाईल पाण्याच्या बंबाला टेकवून सामना बघे आणि मग फिरतीवर निघे. दोनदा बैठकीला उशीर झाला. कारण मी खोटे सांगितले.

बाद फेरीत गाठ न्यूयॉर्कशी पडली. पहिला सामना गेला. बाद फेरीतला तो सलग पंधरावा पराभव, २००८ पासूनचा. २२ एप्रिल २०२५ च्या पहाटे दुसरा सामना १०० विरुद्ध ९४ असा जिंकला. जावयांचा फोन आला आणि दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. चौथा सामना एका गुणाने गेला, ९४-९३. शेवटच्या क्षणी हार्डवेला धक्का लागला होता, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि सामन्यानंतर ती द्यायला हवी होती हे मान्य केले. सहाव्या सामन्यात घरच्या मैदानावर मालिका संपली. मला वाईट वाटले, पण जुने वाईट वाटणे नव्हे. हे हरणे पाहण्याजोगे होते.

त्या बागायतदाराकडे मी २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा गेलो. या वेळी शिफारसपत्र काढले नाही. त्यांच्या ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर वर्षवार हिशेब मांडला, कांदा, हरभरा, दोन गाईंचे दूध, सोसायटीचे देणे, आणि एक रकाना 'खायचे काय' म्हणून. दुपार गेली. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. निम्मी बाग त्या साली काढायची, निम्मी पुढच्या साली, आणि नवी रोपे त्या रानात न लावता ओढ्यापलीकडच्या रानात लावायची. निम्मी रोगट बाग ठेवणे शास्त्राला धरून नाही, हे मी स्पष्ट सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि आपले तेच खरे केले.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिस्टन्सनी ओळीने तेरा सामने जिंकले आणि आपल्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली. त्यातला एक सामना बघून मी सकाळी त्या बागेत पोहोचलो. ओढ्यापलीकडची रोपे कमरेच्या वर आली होती. बागायतदार वाफ्यात होते. माझ्या वेडाची त्यांना एव्हाना माहिती झाली होती.

"कोण जितलं?"

"पिस्टन."

"ते इंजिनवालं व्हय? बरं झालं. आता इकडं या."

त्यांनी एक फांदी वाकवून दाखवली. लालभडक कळी होती, एक नव्हे, बऱ्याच झाडांवर. दुसऱ्या वर्षीची कळी. पुस्तकात उत्तर स्पष्ट आहे, झाड कोवळे आहे, कळी खुडायची.

"खुडू का ठिवू, साहेब? थोरलीचं लगीन हाय फाल्गुनात."

मी चपला काढल्या आणि बांधावर बसलो. म्हटले, "त्या वर्षीचा हिशेबाचा कागद आहे का जवळ? तो आणा आधी."